लाडवांचा डबा का उघडला आणि आईंच्या गुडघ्याचं काय करायचं?

एका ताईंचा प्रश्न आहे. सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन त्या भावाकडे बोस्टनला निघाल्या होत्या. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. आपल्याकडच्या एका मोठ्या विमानतळावर आईंच्या बदललेल्या गुडघ्यामुळे धातूशोधक दरवाजा वाजला आणि त्यांना बाजूला उभं केलं. कारण कुणी सांगितलं नाही. केबिन बॅगेतला बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला गेला, लोणच्याची बरणी ठेवून घेतली, लॅपटॉप आणि चार्जर ट्रेमध्ये काढायला लावले. विमानाच्या तोंडाशी पुन्हा एकदा तपासणी झाली. युरोपात विमान बदलताना मात्र तिथला माणूस म्हणाला, लॅपटॉप आतच राहू द्या. ताई विचारतात, याला काही अर्थ आहे की हा सगळा देखावा आहे? आणि परतताना आईला त्रास होऊ नये म्हणून काय करावं?

मी विमान कंपनीच्या सुरक्षा विभागात एक्स-रेच्या पडद्यासमोर बसून कामाला सुरुवात केली आणि पुढे नव्या स्क्रीनरना, म्हणजे पडद्यावर बॅगांची चित्रं तपासणाऱ्यांना, शिकवण्यात बरीच वर्षं घालवली. त्या अनुभवावरून आधी स्पष्ट सांगतो: आईंना बाजूला घेणं बरोबर होतं, कारण न सांगणं चूक होतं. प्रवासी चिडतात त्यातली निम्मी चीड तपासणीवरची असते आणि उरलेली निम्मी न सांगण्यावरची. पहिलीबद्दल प्रवाशाने थोडं समजून घ्यावं. दुसरीबद्दल यंत्रणेने बदलावं, आणि त्याला फारसे पैसेही लागत नाहीत.

लाडवांपासून सुरुवात करतो, कारण फराळाचे डबे का उघडतात हे मला मराठी प्रवाशांनी जितकं विचारलं आहे तितकं दुसरं काही नाही.

एक्स-रे यंत्र वस्तूचं नाव सांगत नाही. ते किरणांच्या दोन वेगवेगळ्या ऊर्जा बॅगेतून सोडतं आणि कुठे किती अडल्या त्यावरून पदार्थ साधारण कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज करतं. पदार्थाचा परिणामी अणुक्रमांक (त्यातल्या मूलद्रव्यांच्या अणुक्रमांकांची ढोबळ सरासरी) १०च्या आत असेल तर पडद्यावर नारिंगी रंग येतो, १० ते १८ असेल तर हिरवा, त्यापुढे निळा. म्हणजे लोखंड आणि तांबं निळं, मीठ आणि ॲल्युमिनियम हिरवं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांनी बनलेलं बहुतेक सगळं नारिंगी. अन्न नारिंगी, कागद नारिंगी, साबण नारिंगी, आणि स्फोटकंही नारिंगी. अडचण तिथेच आहे. बेसन, तूप आणि साखर घट्ट वळून, एकावर एक रचून स्टीलच्या डब्यात भरली की पडद्यावर नारिंगीचा एक जाड, एकसंध गोळा येतो आणि त्याभोवती डब्याची निळी कड. ते लाडू आहेत हे मला माहीत असतं, कारण माझ्या घरीही तेच असतात. पण "बहुतेक लाडूच असतील" एवढ्यावर बॅग सोडायची नाही, हेच आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवतो. म्हणून डबा उघडतात. पेढे, काजूकतली, खवा, चीज, जाड पुस्तकांची चळत यांचंही तसंच. चिवडा किंवा कुरमुरे सहसा अडत नाहीत, कारण त्यांत हवा जास्त असते, चित्र फिकट येतं आणि पलीकडचं दिसतं.

त्यामुळे फराळ केबिनमध्ये न्यायचाच असेल तर स्टीलचा डबा नको. पातळ प्लास्टिकचा, पारदर्शक, शक्यतो एकाच थराचा डबा घ्या आणि तो बॅगेत सगळ्यात वर ठेवा. लाडू सुटे दिसले की गोल गोल आकार पडद्यावर वेगळे ओळखू येतात. एवढ्याने डबा उघडणार नाहीच असं नाही, पण शक्यता बरीच कमी होते. आणि उघडलाच, तर तळापर्यंत सगळी बॅग उपसावी लागत नाही.

लॅपटॉपचं कारण वेगळं. त्याची बॅटरी आणि आतली सर्किटची पाटी इतकी दाट असते की तिच्या खालचं काहीच दिसत नाही. चार्जर, पॉवर बँक, वायरींचं भेंडोळं एका कप्प्यात कोंबलं की स्क्रीनरला बॅटरी, वायर आणि एक काळा ठोकळा एकत्र दिसतो. स्फोटक यंत्राचे भागही तेच असतात. म्हणून बॅग बाजूच्या पट्ट्यावर जाते, पुन्हा फिरवली जाते, हाताने तपासली जाते. युरोपात लॅपटॉप आत राहू दिला, कारण तुम्ही गेलात त्या रांगेत बहुधा सीटी तंत्राचं यंत्र होतं. दवाखान्यातल्या सीटी स्कॅनप्रमाणे ते चहूबाजूंनी चित्रं घेतं, स्क्रीनर ते चित्र फिरवून पाहू शकतो आणि यंत्र प्रत्येक वस्तूची घनता स्वतः मोजतं. आपल्याकडे अशी यंत्रं हळूहळू येत आहेत. मोठ्या विमानतळांवर ती आणि बॉडी स्कॅनर बसवण्याच्या मुदती अनेकदा ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. यंत्र बदललं की नियम बदलतो. एकाच विमानतळावर दोन रांगांत दोन वेगळ्या सूचना मिळतात त्याचंही हेच कारण. पण रांगेच्या तोंडाशी "या रांगेत लॅपटॉप बाहेर काढा" असा मोठ्या अक्षरांतला फलक लावला, तर ट्रेसमोर उभं राहिल्यावर होणारा निम्मा गोंधळ थांबेल. हे मी माझ्या नोकरीच्या काळात लेखी मांडत आलो. फलक लागले, पण बऱ्याच ठिकाणी एका कोपऱ्यात, बारीक अक्षरांत आणि फक्त इंग्रजी-हिंदीत. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर पहिल्यांदा विमानात बसणारी कितीतरी माणसं लातूर, सोलापूर, जळगावकडून येतात. त्यांना मराठीत सूचना मिळाली तर रांग वेगाने सरकेल. हा भाषेच्या अभिमानाइतकाच रांगेच्या वेगाचा प्रश्न आहे.

आता लोणचं. आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव, जेल आणि लिबलिबीत पदार्थ १०० मिलीपर्यंतच्या भांड्यातच केबिनमध्ये चालतात. मोजतात ती भांड्याची क्षमता, आतला ऐवज नाही. २०० मिलीच्या ट्यूबमध्ये तळाशी थोडीच पेस्ट उरली असली तरी ती ट्यूब जाते. तेलात बुडालेलं लोणचं, तूप, श्रीखंड, आमरस, मध, सगळं यात येतं. हा नियम हवेतून आलेला नाही. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनमध्ये एक कट उघडकीला आला. हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं द्रव स्फोटक शीतपेयांच्या बाटल्यांत भरून अमेरिका-कॅनडाकडे जाणाऱ्या अनेक विमानांत न्यायचं, असा तो बेत होता. आधी द्रवांवर जवळपास सरसकट बंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपने १०० मिलीची मर्यादा ठरवली आणि मग ती जगभर पसरली. सीटी यंत्रांमुळे ती आता कुठेकुठे सैल होते आहे. जुलै २०२५मध्ये युरोपीय आयोगाने काही मान्य यंत्रांवर २ लिटरपर्यंतची बाटली नेण्याची वाट मोकळी केली, आणि एडिंबरासारख्या ब्रिटनमधल्या काही विमानतळांनीही मर्यादा उठवली. पण म्हणून पुढच्या विमानतळावर ती चालेल असं धरून चालू नका. तिथलं यंत्र जुनं असेल तर बाटली तिथे जाईल. आपल्या देशांतर्गत उड्डाणांत पाण्याची बाटली बहुतेक ठिकाणी नेऊ देतात. त्यामुळे पुणे-दिल्ली केलेल्या माणसाला मुंबई-लंडनला धक्का बसतो, आणि तो धक्का मला समजू शकतो.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. २०१८च्या जूनअखेरपासून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत साधारण ३५० मिलीपेक्षा जास्त मापाच्या पावडरींची वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर त्या केबिनमध्ये जाऊ देत नाहीत. गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, नाचणीचं सत्त्व हे सगळं या नियमात येतं. ते सरळ मोठ्या बॅगेत टाका. तान्ह्या बाळाचं दूध, इन्सुलिन, डोळ्यांत घालायची औषधं यांना १०० मिलीचं बंधन नाही, पण ती वेगळी काढून दाखवायची आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवायची.

मोठ्या बॅगेतही काय टाकायचं नाही ते माहीत हवं, नाहीतर बॅग मागे राहते आणि तुम्ही पुढे जाता. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच. १०० वॉट-तासांपर्यंत (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचं हे माप) विनापरवाना चालतात. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तास भरते, म्हणजे बसते. १०० ते १६० वॉट-तासांना विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कुणीतरी पाहतं आणि विझवायला धावतं. खाली सामानाच्या कप्प्यात ती पेटली तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. जानेवारी २०२५मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान जमिनीवरच पेटलं, तेव्हा तपासात बोट पॉवर बँकेकडेच गेलं. लायटर आणि काडेपेटी आपल्याकडे कुठेच चालत नाही. सुकं खोबरं तर धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात. देवळातून आणलेला नारळ बॅगेतून काढला की लोकांना वाईट वाटतं, ते मी पाहिलं आहे. २०२४च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे पूजासाहित्याच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेण्याची मुदतीपुरती सवलत दिली होती, २० जानेवारी २०२५पर्यंत, तीही तपासणी करूनच. म्हणजे नियम डोळे मिटून चालवलेला नाही. पण अशी सवलत जाहीर झाल्याशिवाय नारळ चालेल असं समजू नये.

ट्रेकिंग करणाऱ्यांसाठी एक ओळ: उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणं भारतात परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा ठरतो. परदेशातून सह्याद्रीत फिरायला येणाऱ्या मित्राला हे आधी सांगा. गोव्याच्या विमानतळावर यावरून परदेशी पाहुणे अडचणीत आले आहेत.

आता आईंचा गुडघा, आणि इथे मी जरा थांबतो.

बदललेल्या गुडघ्यात कोबाल्ट-क्रोम किंवा टायटॅनियम असतं. धातूशोधक दरवाजा ते बहुतेक वेळा पकडतो.  डॉक्टरांचं प्रमाणपत्र दाखवलं तरी तपासणी टळत नाही. कागद कुणीही आणू शकतो, म्हणून तपासणाऱ्याला स्वतः खात्री करावी लागते. पण ही खात्री कशी करायची, याला रीत आहे. बाईंची तपासणी बाईच करणार आणि पडद्याआड करणार, हे आपल्याकडे पूर्वीपासून आहे. वयस्कर माणसाला बसायला खुर्ची मागता येते. साडी किंवा सलवार वर घ्यायची वेळ आली तर बंद खोलीत, आणि सोबत घरचं माणूस हवं असेल तर तसं म्हणता येतं. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड दाखवून हातातलं यंत्र छातीजवळ न धरता हाताने तपासा, असं सांगावं. मंगळसूत्र, बांगड्या सहसा काढाव्या लागत नाहीत.

हे सगळं आईंना कुणीतरी दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. "आजी, गुडघ्यात धातू आहे म्हणून वाजलं, घाबरू नका, इथे बसा, दोन मिनिटांत होईल." एवढंच. सांगितलं नाही, तर म्हाताऱ्या माणसाला वाटतं आपल्या हातून काहीतरी चुकलं, आपल्यावर संशय घेतलाय, लोक बघताहेत. हा अपमान पुढच्या सगळ्या प्रवासावर सावट धरतो. २०२१च्या ऑक्टोबरात नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ करून थेट पंतप्रधानांना साकडं घातलं होतं, की प्रत्येक वेळी विमानतळावर मला कृत्रिम पाय काढायला लावतात, हे मानवी आहे का? केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने (सीआयएसएफ) जाहीर माफी मागितली. त्या प्रसिद्ध होत्या म्हणून त्यांचा आवाज पोचला. ज्यांचा पोचत नाही, अशा कितीतरी बायका-पुरुष कॅलिपर, कृत्रिम पाय, पोटाला लावलेली पिशवी घेऊन रोज त्या रांगेत उभे असतात. त्यांच्या कृत्रिम अवयवावर कापडाची पट्टी फिरवून स्फोटकाचा अंश आहे का ते पाहता येतं. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. अवयव उतरवायला लावणं हा शेवटचा उपाय असायला हवा आणि ते ठरवण्याआधी वरिष्ठाला बोलवायला हवं.

त्या कापडाच्या पट्टीबद्दलही सांगतो, कारण शेतकरी कुटुंबांना तिचा त्रास होतो. ती पट्टी ज्या यंत्रात घालतात ते अतिसूक्ष्म कण शोधतं, आणि नायट्रेटचं खत, काही हृदयविकाराच्या गोळ्या, ग्लिसरीनचं क्रीम यांच्या अंशानेही ते वाजू शकतं. खताच्या गोण्यांजवळ ठेवलेली बॅग घेऊन कुणी आलं आणि यंत्र वाजलं, तर तो गुन्हेगार ठरत नाही. शांतपणे सांगायचं, "घरी शेती आहे, खत हाताळलंय." पुन्हा तपासतील, सामान उघडतील, सोडतील. जमल्यास प्रवासाला शेतावर न वापरलेली बॅग घ्या.

देखावा आहे का, या प्रश्नाला मी टाळणार नाही. काही भाग देखाव्याचा आहे, आणि तो मुद्दाम आहे: तपासणी होते हे दिसल्यामुळेच काही लोक मागे फिरतात. पण यंत्रणा आंधळी होऊ शकते, हेही खरं. २०१५मध्ये अमेरिकेत सरकारच्याच गुप्त पथकाने नकली शस्त्रं आणि स्फोटकं घेऊन तपासणी पार करून पाहिली. ७० प्रयत्नांपैकी ६७ वेळा ती निसटली, आणि तिथल्या विमानतळांवर तपासणी करणाऱ्या 'टीएसए' या खात्याच्या प्रमुखपदावरच्या माणसाला हलवावं लागलं. म्हणून आमच्या कामात पडद्यावर अधूनमधून खोट्या बंदुकीचं किंवा स्फोटकाचं चित्र खऱ्या बॅगेच्या चित्रात मिसळतात आणि स्क्रीनर ते पकडतो का, ते नोंदवतात. फार क्वचित दिसणारी गोष्ट नजरेतून जास्त सुटते, माणसाचा मेंदू तसाच आहे. युरोपात स्क्रीनरला सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर साधारणपणे बसवत नाहीत, मग १० मिनिटं दुसरं काम. तुमच्या मागच्या माणसाने "लवकर करा" म्हणून आरडाओरडा केला की या वीस मिनिटांची किंमत घसरते. मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. माझ्याच माणसांना मी रांगेकडे पाठ करून बसायला शिकवत असे.

पण सगळाच देखावा नाही, ते मला एका दिवसाने शिकवलं आहे आणि आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला शिकवलं आहे. २३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर हवेत फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्बची बॅग व्हँकूवरला चेक-इन झाली होती, बॅगवाला विमानात बसलाच नव्हता. ती बॅग टोरांटोला एअर इंडियाच्या विमानाकडे आली, आणि तिथे त्या दिवशी सामान तपासणारं एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडलं आणि उरलेल्या बॅगा हातात धरायच्या उपकरणाने तपासल्या गेल्या. बंद पडलेलं यंत्र, उरलेलं सामान आणि सुटायची घाई, इतकं पुरलं. आज एखादा प्रवासी गेटवर आला नाही की त्याची बॅग विमानातून शोधून उतरवतात, सगळ्यांना अर्धा तास उशीर होतो आणि लोक वैतागतात. त्या अर्ध्या तासामागे ही ३२९ माणसं आहेत.

आपली व्यवस्थाही अशाच घटनांच्या मागोमाग उभी राहिली. १० सप्टेंबर १९७६ला इंडियन एअरलाइन्सचं विमान लाहोरला पळवलं गेलं, त्यानंतरच्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८मध्ये नागरी विमान सुरक्षेचा कक्ष निघाला. कनिष्कनंतर, १ एप्रिल १९८७ला, तो स्वतंत्र विभाग झाला. आजचा नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो तो हाच. डिसेंबर १९९९मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ पळवलं गेलं आणि फेब्रुवारी २०००मध्ये जयपूरपासून विमानतळांवर सीआयएसएफ आली. नियम ब्युरो बनवतो, केबिन बॅग आणि अंगझडती मुख्यतः सीआयएसएफकडे असते, तर चेक-इनच्या बॅगा विमानतळ चालवणारे किंवा विमान कंपन्या तपासतात. तुमची बरणी ठेवून घेणाऱ्या जवानाने तो नियम केलेला नाही, आणि ती सोडायचा अधिकारही त्याला नाही. त्याच्याशी वाद घालण्यात तुमचा वेळ जातो, त्याचा दिवस खराब होतो, आणि नियम तिथेच राहतो.

विमानाच्या तोंडाशी झालेली दुसरी तपासणी ऑगस्टमुळे असणार. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आसपास, किंवा धोक्याचा इशारा असेल तेव्हा, ती वाढवतात. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना अशी जादा तपासणी एरवीही असते. बोर्डिंग पासवर 'एसएसएसएस' अशी चार अक्षरं छापून आली, तर त्या प्रवाशाची सविस्तर तपासणी ठरलेली असते. अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. दर वेळी तेच होत असेल तर अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडे 'डीएचएस ट्रिप' नावाने तक्रार नोंदवता येते आणि मिळालेला क्रमांक पुढच्या तिकिटावर घालता येतो.

यंत्रणेकडे माझं मागणं आहे, आणि ते मी प्रशिक्षण देत होतो तेव्हाही होतं. २०२१पासून देशांतर्गत प्रत्येक तिकिटावर २०० रुपये सुरक्षा शुल्क प्रवासी भरतो. २०२४मध्ये देशात १६ कोटींहून जास्त लोकांनी असा प्रवास केला. या पैशातून पट्ट्याच्या पुढे सामान पुन्हा भरायला बाकडी आणि टेबलं हवीत, वयस्करांना बूट घालायला खुर्च्या हव्यात, काढून घेतलेली वस्तू पैसे भरून घरी पाठवायची सोय प्रत्येक मोठ्या विमानतळावर हवी. चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजियात्रेने प्रवेशद्वारावरची ओळखपत्राची रांग आखूड केली, ते चांगलं झालं, पण खरी अडचण ट्रेच्या पट्ट्याशी आहे. आणि जवानांना धातूशोधक यंत्र शिकवतो तितक्याच गांभीर्याने कारण सांगायला शिकवायला हवं. कारण कळलेला प्रवासी सहकार्य करतो, खिसा स्वतः रिकामा करतो, आपल्या गुडघ्याचं आधीच सांगतो. घाबरलेला प्रवासी लपवतो, आणि लपवणाऱ्यांच्या गर्दीत खरा लपवणारा ओळखणं अवघड होतं. म्हणजे सौजन्यानेही सुरक्षाच वाढते.

वागणूक वाईट मिळाली तर तिथल्या तिथे शिफ्टच्या प्रभारी अधिकाऱ्याला भेटायची मागणी करा. वेळ, रांगेचा क्रमांक, छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहून ठेवा आणि केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार टाका. तपासणीच्या जागी मोबाइलवर चित्रण करू नका, त्याने तक्रारीऐवजी तुमच्यावरच कारवाई ओढवते. "बॉम्ब आहे का बॅगेत?" असा विनोद तर घरच्या मुलांनीही करू नये. तिथे तो विनोद म्हणून कुणी ऐकत नाही आणि लोक त्यापायी अटकेत गेले आहेत. ट्रेमध्ये काही विसरलात तर सीआयएसएफच्या संकेतस्थळावर सापडलेल्या वस्तूंची यादी असते, ती पाहा.

आता तुमचा परतीचा प्रवास. तिकीट काढतानाच आईंसाठी व्हीलचेअर मागा, त्या चालू शकत असल्या तरी; सोबतचा माणूस रांगेतून नेतो आणि बसून तपासणी होते. अमेरिकेत 'टीएसए केअर्स' नावाची मदत आहे, प्रवासाच्या ७२ तास आधी कळवलं तर तपासणीच्या ठिकाणी मदतनीस मिळतो. जुलै २०२५पासून तिथे बूट काढायचा सरसकट नियम संपला आहे. आईंना धातूशोधक दरवाजाऐवजी हात वर करून उभं राहायचा स्कॅनर मागा. तो कपड्यांच्या आत, पण शरीराच्या बाहेर काय आहे तेवढंच पाहतो, त्यात एक्स-रे नसतात, आणि गुडघ्याच्या आतला धातू त्याला दिसत नाही, त्यामुळे तो गुडघ्यासाठी वाजत नाही. साडीच्या निऱ्यांमुळे मात्र तो अडू शकतो, म्हणून त्या दिवशी अंगासरशी सलवार-कमीज बरी.

युरोपात विमान बदलताना पुन्हा तपासणी होऊ शकते, तेव्हा बोस्टनहून निघताना पाण्याची बाटली रिकामी ठेवा. ड्यूटी-फ्रीमधून काही द्रव घेतलंत तर ते सीलबंद पिशवीतच राहू द्या, पावती दिसेल अशी, घरी पोचेपर्यंत फोडू नका. मुंबईला उतरून पुढे नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरचं विमान असेल, तर कस्टम्सनंतर सामान पुन्हा चेक-इन करायचं असतं. ती पिशवी तेव्हाच मोठ्या बॅगेत टाका, आणि भावाने दिलेली मेपल सिरपची बाटली बोस्टनलाच कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत गेलेली असू द्या.